हळद नव्हती ती

येसरीच्या मिशीला पिवळं लागलेलं.
मला वाटलं, हळद.
सकाळीच हळकुंडं कुटली होती.
पदरानं पुसलं, म्हटलं, नवरी झालीस का गं बाई,
आणि डबा घेऊन डाळ मिलवर गेले.

संध्याकाळी ती पाण्याच्या वाटीपाशी,
पाण्याकडं बघत बसलेली.
पीत नव्हती.
चुलीमागं दोन ठिकाणी फेस.

उदगीरला एक बरं आहे,
जनावरांचं कॉलेज आहे.
म्हशी, वासरं, पाय मोडलेली एक शेळी,
त्या रांगेत मी,
मिलच्या पिशवीत मांजर घेऊन.
"मांजराला सलाईन? लईच कौतुक," कुणीतरी म्हणालं.
केंद्रे डॉक्टरीण हसली नाही.
तिनं कानामागची लव बोटावर घासली,
बोट उजेडात धरलं.
"घरात लिली लावलीय का, मावशी?"

लावलीय की.
तीन वर्षं झाली, चार कांदे आणले होते नर्सरीतून.
टँकर आठ दिवसांनी यायचा तेव्हाही
तांदूळ धुतल्याचं पाणी आधी तिला.
पांढरं फूल, मनगटाएवढं,
गल्लीतल्या बाया बघायला यायच्या.

"फूल खायलाच पाहिजे असं नाही.
अंगाला पराग लागतो, मग मांजर अंग चाटतं,
तेवढं पुरतं.
कुंडीखालच्या ताटलीतलं पाणी,
तेही पुरतं.
आजच आणलंत म्हणून.
दोन दिवसांनी मूत्रपिंडं बंद पडली असती."

बाप शिकवून गेला होता,
कोवळ्या ज्वारीत गाय सोडू नये,
कंबरेला लागेपर्यंत तिच्या पोटात मरण असतं.
नगरपालिका रस्त्याच्या मधोमध कण्हेर का लावते, तेही ठाऊक,
शेळीसुद्धा तोंड लावत नाही.
डाळीतला खडा मी बोलता बोलता काढते,
तीस वर्षं.

दुसऱ्या रात्री, दवाखान्याच्या बाकड्यावर,
राखुंडी आठवली.
येसरीची आई.
गेल्या साली याच दिवसांत,
असाच फेस, अशीच पाण्याकडं बघत.
तिसऱ्या दिवशी गेली.
आणि मी भिंतीवरून ओरडले होते,
बिरादार, तुमच्या उंदराच्या गोळ्यांनी मारलं हो तिला,
तुमचं वाटोळं होईल.
ते काही बोलले नाहीत.
त्या दिवसापासून आजपर्यंत नाहीत.
मी म्हटलं, बघा, चोराच्या मनात चांदणं.

येसरी चौथ्या दिवशी दूध प्याली,
आणि मला ओरबाडलं.
घरी आले, कुदळ घेतली.
चाराचे अकरा कांदे झाले होते.
गुलाब राहू दिला, मोगरा राहू दिला,
जास्वंदीला डॉक्टरीण हो म्हणाली होती.
तिला चावायला काहीतरी हवंच,
म्हणून घटाला पेरतो तसे
परडीत माती घालून गहू पेरले.
देवी रागावली तर रागावू दे,
तिच्याही पायाशी वाघ आहे.

मग कांदे पिशवीत घालून
बिरादारांच्या दारात.
सगळं सांगितलं. चूक झाली म्हटलं.
ते चष्मा पुसत राहिले.
पुसून झाला तरी पुसत राहिले.
"ठेवल्या होत्या मी गोळ्या," म्हणाले.
"त्याच रात्री. कोठीत.
वर्षभर मला वाटतंय,
मीच."

आत कुकरची शिट्टी झाली.
एक, मग दुसरी.

"ते कांदे," ते म्हणाले,
"टाकणार कुठं?"
कोपऱ्यावरच्या उकिरड्यावर, म्हटलं.
"तिथं नको.
तिथं बाकीच्या येतात."
आणि चपला शोधायला लागले.